अकरा चित्रं, अकरा लाल टॅग

सहा वर्षांपूर्वी मी कंपनीत बाद झालेल्या पत्र्यांची शिल्पं टेम्पोत घालून निगडीला सबनीसांच्या गॅलरीत नेली. नव्या कलेला त्यांच्याशिवाय वाली नाही, असं सगळे म्हणायचे. त्यांनी वरची ताडपत्रीसुद्धा काढू दिली नाही. दारातूनच म्हणाले, "बाई, भंगारवाले पुढच्या चौकात बसतात."

त्या रागात मी चाकणला एक शेड भाड्याने घेतली आणि स्वतःची गॅलरी काढली. त्यांनी हाकललेल्या सगळ्यांची प्रदर्शनं आता माझ्याकडे भरतात.

काल सबनीस स्वतः आले. वीस वर्षं कुणाला न दाखवता काढलेली अकरा चित्रं घेऊन. "दीक्षाताई, तुमच्याकडे लावाल का?"

मी सगळे दिवे लावले. कंपनीत मी चौदा वर्षं तपासणीला होते. तपासल्याशिवाय माल बाद करायचा नाही आणि लाल टॅगवर कारण लिहायचं, हा तिथला नियम. मी खुर्ची ओढली आणि एकेका चित्रापुढे दहा-दहा मिनिटं बसले. ते घाम पुसत उभे. मग प्रत्येकाला टॅग बांधला. 'तुमच्याच गॅलरीतल्या चित्राची नक्कल.' 'इथे हात घाबरला.' 'याला काही म्हणायचंच नाही.' खोटं एकही लिहिलं नाही.

अकरावा टॅग वाचून ते म्हणाले, "न बघताच नाही म्हणाला असतात, तर बरं झालं असतं हो."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "तुम्ही माझं काम न बघताच मला हाकललंत, म्हणून मी तगले. तुमची चित्रं म्हणूनच नीट बघितली."