भुऱ्याचा धनी

"त्याला बोलवू नका मालक. त्यो मला वाट दावतोय," धुळाजी म्हणाला.

पाटोद्याच्या बाजारात शहादेव भुऱ्यापुढे हाडूक नाचवत होता. कुत्र्याने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. देवी येऊन डोळे गेल्यापासून धुळाजी त्याच्या गळ्यातली दोरी धरूनच चाले. स्वतः वळलेली चऱ्हाटे विकायला तो दर बाजाराला असाच येई. शहादेव हा तिथल्या पाटलाचा मेहुणा. कुत्र्याने त्याला जुमानले नाही म्हणून चार माणसे हसली, आणि ते त्याला झोंबले.

"चल बे आंधळ्या, मीच नेतो तुला!" त्याने धुळाजीचे मनगट धरून ओढले.

"हात सोडा! न इचारता धरू नका."

शहादेवने मुद्दाम हिसडा दिला. धुळाजी तोंडावर आपटला. तेव्हा भुऱ्याने शहादेवच्या पोटरीत दात रोवले.

गर्दी जमली. जमादार आला आणि धुळाजीकडे न बघता शेजारी बसलेल्या हरिबाला म्हणाला, "याचं कुत्रं पिसाळलंय का बे?"

"त्याला कावून इचारता? कुत्रं माझं हाय, मला इचारा!" धुळाजी ओरडला. "मला पाडलं, म्हणून चावला त्यो. हरिबा, सांग की! तू बगितलंस."

हरिबा त्याच्याच गावचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याने शहादेवकडे पाहिले आणि मान खाली घातली.

कुणीतरी धुळाजीच्या हातातून दोरी हिसकली. काठ्या पडू लागल्या. भुऱ्या एकदाच केकाटला.

माणसे पांगल्यावर धुळाजीने चाचपडत भुऱ्याला शोधले. त्याच्या तोंडावरचे रक्त धोतराच्या सोग्याने पुसले. मग मेलेल्या भुऱ्याला उचलून खांद्यावर घेतले.

"हात देऊ का?" हरिबाने हळूच विचारले.

"नगं. म्होरं हो आन् बोलत चल. आवाजामागं येतो मी."

हरिबा पुढे झाला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मागे धुळाजी ठेचकाळला.

"तवा गप बसलास. आता तरी बोल!"

"डाव्या अंगाला बाभळ हाय," हरिबा कसाबसा म्हणाला. "काटे लई पडलेत... म्होरं ओढा. पानी न्हाई त्याला."

खांद्यावरचे ओझे सावरत धुळाजी त्या आवाजामागे गावच्या वाटेला लागला.