कोरं बोट

भल्या सकाळी रंगाऱ्याच्या अंगणात भांडण पेटलं. निळी रांजणात काठी घालून रंग ढवळत होती आणि तिचा नवरा खाटेवरून ओरडत होता.

"कुठं जायचं नाही म्हणून सांगतोय ना! एका घरात एक लुळा पुरे झाला."

"मग तुम्ही लुळे कशाला झालात? हौस म्हणून?"

नवरा कण्हत कुशीवर वळला. त्याचा उजवा हात दोन फळ्यांत घट्ट बांधलेला होता. चार दिवसांपूर्वी निवडणुकीला उभ्या असलेल्या कंपाउंडरच्या नावाचा कागद भिंतीला चिकटवताना गावच्या जमीनमालकाच्या माणसांनी त्याला गाठलं आणि त्याच्याच रंगाच्या काठीनं त्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ढवळणं, पिळणं, वाळत घालणं सगळं निळीच्या अंगावर पडलं होतं. तिचं खरं नाव गावात कुणाच्या लक्षात नव्हतं. कोपरापर्यंत निळ्या हातांची बाई म्हणून ती निळी.

देश नवा होता आणि त्यातलं हे राज्य त्याहून नवं. आजवर वरून हुकूम यायचा आणि मालक तो चावडीपुढं वाचून दाखवायचा, एवढाच गावाचा राज्यकारभाराशी संबंध. आता म्हणे लोकांनी माणूस निवडून द्यायचा आणि त्यानं राजधानीत बसून कायदे करायचे. आज मतदान होतं आणि दोघेजण उभे होते. एक खुद्द मालक. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर, काटकुळा, चष्मेवाला, बोलताना अडखळणारा. पण तो एक गोष्ट न अडखळता बोलला होता: जो जमीन कसतो, त्याला मनात आलं म्हणून हाकलून देता येणार नाही, असा कायदा पहिल्यांदा मागेन. खालच्या आळीत त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता.

मालकाचा मुकादम काही खुळा नव्हता. आदल्या संध्याकाळी तो आळीत आला आणि विहिरीच्या कठड्यावर उभा राहून म्हणाला, "मत कुणाला दिलं ते कुणाला दिसत नाही म्हणे. बरं, आम्हाला बघायचंच नाही. पण दिलं की नाही ते दिसतं. साहेब डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावतो, ती महिनाभर निघत नाही. मत शाळेत द्यायचं, आणि तिथून घरी जायची वाट आपल्या खळ्यावरून आहे. जाताना हात दाखवायचा. शाई दिसली, तर बोट आमच्याकडं ठेवून जायचं."

सगळ्यांची पाचावर धारण बसली. फक्त लोहार मोठ्यानं हसला. "माझं बोट तोडायला तुझा कोयता आधी माझ्याकडंच धार लावायला आणावा लागेल," असं म्हणाला आणि भात्याकडं वळला.

आणि सकाळी तोच पहिला गेला.

निळीनं काठी रांजणाला टेकवली, डोक्याचा फडका बांधला आणि नवऱ्याच्या शिव्या पाठीवर घेत बाहेर पडली. या मोडक्या हाताचं काहीतरी झालंच पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. नवऱ्यानं मार खाल्ला आणि आपण घरात बसून राहिलो, तर तो मार फुकट गेला असं तिला वाटत होतं.

ती खळ्याजवळ पोचली तेव्हा लोहार मत देऊन परत येत होता. चौघांनी त्याला खाली पाडला. तो गडी तसा आवरणारा नव्हता. एकाचं नाक त्यानं कपाळानं फोडलं, दुसऱ्याच्या दंडाचा लचका तोडला, तेव्हा आणखी दोघे त्याच्या छातीवर बसले. कडबा तोडायचा ओंडका मुकादमानं पायानं पुढं ढकलला. एकच घाव. लोहाराची किंकाळी शाळेच्या पत्र्यावर आदळून परत आली. मुकादमानं बोट उचलून तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकलं.

"एक," तो म्हणाला.

शाळेच्या फाटकात दोन शिपाई उभे होते. ते सगळं बघत होते. निळी धावत त्यांच्याकडं गेली.

"अहो, तिथं माणूस कापतायत!"

"बाई, आम्हाला हुकूम फाटकाच्या आतला आहे," थोरला शिपाई म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पाय काही हलला नाही.

लोहार हाताला फडकं गुंडाळून तिच्या शेजारून गेला, फडकं लाल होत होतं. "वहिनी, मागं फिरा," तो दात आवळून म्हणाला. तिला फिरायचंही होतं. मग तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. या बोटांवर कसली शाई दिसणार? तिची तिलाच दिसली नसती. ती आत शिरली.

तिसरीच्या वर्गात टेबल मांडलं होतं. साहेब म्हणजे कुठल्याशा कचेरीतला मवाळ कारकून होता. त्यानं यादीत नाव शोधलं, खूण केली, शाईची काडी उचलली आणि तिचा हात बघून तशीच खाली ठेवली.

"बाई, तुमच्या बोटावर खूण आहे."

"खूण कसली? हा माझा धंदा आहे. सगळा हात बघा की!"

"दुसऱ्यांदा आली ही," कोपऱ्यात बसलेला मालकाचा माणूस म्हणाला. "लिहून घ्या साहेब."

साहेबानं ओल्या फडक्यानं बोट पुसलं. मग स्पिरिटनं पुसलं. मग चुना लावून घासलं. बोटाची साल निघायची वेळ आली, पण वीस वर्षांची नीळ तशी कशी निघेल? खाली खूण आहे की नाही ते सांगता येईना. साहेबानं नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं आणि मान हलवली.

"मला मताचा कागद देता येत नाही. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण देता येत नाही."

"साहेब, एवढ्यासाठी माझ्या नवऱ्याचा हात मोडलाय."

"मी काय करू?" तो हळूच म्हणाला. त्याला खरंच काही करता येत नव्हतं, आणि नेमका त्याचाच निळीला राग आला.

परतताना मुकादमानं तिला अडवलं. "दिलंस?"

"नाही दिलं."

"कशावरून?"

"घे, तूच बघ."

त्यानं तिचा हात उलटापालटा केला, कोयत्याच्या टोकानं नख खरवडलं, उन्हात धरून बघितलं. "तुझं काय डोंबल कळणार!" तो वैतागून म्हणाला आणि हात झटकला. "जा."

निळी दहा पावलं गेली आणि थबकली. मग इतक्या वेगानं घराकडं सुटली की रस्त्यातली कोंबडी उडून बाजूला झाली.

"दिलंस का मत?" नवऱ्यानं विचारलं.

"नंतर सांगते. तो डावा हात चालतो ना तुमचा? रांजण कलता करा."

दोन घागरी भरून तिनं कावडीला अडकवल्या आणि मागच्या ओढ्यातून, खळं टाळून, शाळेच्या पिछाडीला गेली. पडक्या भिंतीतून एक माणूस जाईल एवढी वाट होती. कावड घेऊन तिथून जाता आलं, पण सगळ्यांना याच वाटेनं घरी धाडावं, तर ओढ्याची दरड म्हाताऱ्यांना उतरता येणारी नव्हती, आणि संध्याकाळी मुकादम दारोदार हात बघत फिरणारच होता. शाळेच्या फाटकाशी घुटमळणाऱ्या आळीतल्या सुईणीला तिनं आधी गाठलं. गावातली निम्मी माणसं जिच्या हातावर जगात आली, तिचं सगळे ऐकत.

"मावशी, आधी मत द्यायचं, मग इकडं येऊन दोन्ही हात बुडवायचे. ज्यांना द्यायचं नाही त्यांनीही बुडवायचे. एकाचाही हात पांढरा राहता कामा नये."

"आणि निघायचा कधी हा रंग?"

"महिन्याभरात. बोट मात्र परत उगवत नाही."

सुईण पहिली गेली, पहिली आली आणि घागरीत हात घालून बाहेर काढला. "अगं बाई! हा तर हिरवा झाला!"

"थांबा. हवेत धरा. हलवा जरा." निळीचा जीव टांगणीला लागला होता. नीळ पाण्यातून निघते ती हिरवी पिवळी, वारा लागल्यावरच निळी होते. तिला हे रोजचं होतं, पण आज तेवढा वेळही वर्षासारखा वाटला. हिरवा हळूहळू काळवंडला, मग निळा झाला, आणि नखावरची शाईची रेघ त्यात बुडून गेली.

सुईणीचा निरोप आळीत फिरला, आणि माणसं येत राहिली. एकेक करून, मान खाली घालून, मत देऊन मागच्या बाजूला. दोन वेळा, तीन वेळा हात बुडवायचे आणि भिंतीआड उभं राहून हलवायचे. न्हावी म्हणाला, "उद्या गिऱ्हाईक गालाला हात लावू देईल का?" कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्या भीतीतही लोकांना हसू आलं, याचं निळीला नवल वाटलं. दुपार कलली तेव्हा सत्तर माणसं भिंतीआड जमली होती. मग सगळी एकदम खळ्याच्या वाटेनं निघाली.

मुकादमानं पहिला हात धरला. निळा. दुसरा धरला. निळा. तिसरा, चौथा, दहावा.

"हे काय सोंग आहे? कुणी मत दिलं?"

"कुणी नाही," सुईण म्हणाली. "आम्ही सगळे रंगाच्या कामाला लागलोय."

मुकादमाच्या अंगाचा तिळपापड झाला. "सगळ्यांची तोडा!" तो किंचाळला. त्याच्या माणसांनी न्हाव्याला ओढला, ओंडक्यावर हात दाबला. बायका ओरडल्या, कुणीतरी ढेकूळ फेकलं, काठ्या उठल्या. सुईणीच्या कपाळावर काठी बसली आणि ती मातीत बसली. इतक्यात मालकाची जीप आली.

मालक खाली उतरला. त्यानं सत्तर निळे हात बघितले. मग पलीकडं बघितलं, तिथं त्याचं पीक पिवळंधमक होऊन उभं होतं.

"गाढवा," तो मुकादमाला म्हणाला, "आठ दिवसांवर कापणी आलीय. ही सगळी थोटी केलीस तर कापायला तुझा बाप येणार का?"

"मालक, पण यांनी..."

"सोड त्यांना."

न्हाव्याचा हात सुटला. गर्दीनं श्वास सोडला. पण मुकादमाची नजर मागं उभ्या असलेल्या निळीवर पडली, तिच्या खांद्यावरच्या कावडीवर, रिकाम्या घागरींवर.

"ही बघा! हिचं काम आहे हे!"

तो अंगावर धावून आला तशी निळीनं कावडीचा दांडा काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात तुटले, रक्ताची गुळणी छातीवर पडली. दुसरा फटका मारायच्या आत तिघांनी तिला पाडली. न्हावी मधे पडला, तर त्याच्या बरगड्यांत लाथ बसली. ओंडक्यावर सकाळचं रक्त वाळलेलं होतं.

"मी मत दिलेलंच नाही!" निळी ओरडली. "साहेबाला विचारा! त्यानं मला कागदच दिला नाही!"

मुकादम मालकाकडं बघत उभा राहिला. मालकानं खिशातून रुमाल काढून घाम पुसला.

"एकच," मालक म्हणाला आणि जीपकडं वळला.

घाव बसला तेव्हा निळी ओरडली नाही. ओरडायचं ती विसरूनच गेली. शाई नसलेलं ते कोरं बोट डब्यात पडल्याचा आवाज मात्र तिला पुढं कितीतरी वर्षं ऐकू येत राहिला.

कंपाउंडर अठ्ठावीस मतांनी निवडून आला. खटला उभा राहिला तेव्हा शिपायांनी साक्ष दिली की फाटकाच्या आत सगळं शांत होतं, आणि मुकादम सुटला. कायदा यायला चार वर्षं लागली. आला तोही लंगडत, पण आला, आणि त्या वर्षी खालच्या आळीतल्या एकाही घराला जमिनीवरून उठावं लागलं नाही. रंगाऱ्याचं हाड वाकडं जुळलं. लोहार चार बोटांनी घण उचलायला शिकला.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. तारीख कळली त्या दिवशी निळीनं रांजणातून हात काढले ते काढलेच. सगळं काम नवऱ्यावर टाकलं. तो वाकड्या हातानं ढवळायचा आणि दिवसभर कुरकुरायचा. निळी मात्र रोज दगडानं हात घासत बसायची. आधी कोपरं उजळली, मग मनगटं, शेवटी नखं. स्वतःचा हात असा दिसतो, हे ती कधीच विसरून गेली होती.

मतदानाच्या दिवशी टेबलामागं नवा साहेब होता, तरणा.

"डावा हात, पहिलं बोट," तो यादीतून मान वर न काढता म्हणाला. मग त्यानं बघितलं. "पहिलं बोट कुठं आहे?"

"ते गेल्या निवडणुकीत दिलं."

"म्हणजे मागं तुम्ही मत दिलं होतं."

"नाही. बोट मागं दिलं. मत आज देणार आहे."

साहेबानं यादी बाजूला सारली. मग त्यानं मधल्या बोटावर, नखापासून पेरापर्यंत, काळजीनं शाई ओढली. निळीनं पडद्याआड जाऊन कागद पेटीत टाकला.

परतीची वाट खळ्यावरूनच होती. मुकादम कट्ट्यावर बसला होता. आता त्याच्या हातात कोयता नव्हता आणि तोंडात पुढचे दातही नव्हते. निळी त्याच्यासमोर थांबली आणि हात त्याच्या डोळ्यांपुढं धरला. "हात दाखवून जायचं म्हणाला होतास ना? बघ." त्यानं बघितलं, आणि मग मान वळवून गुरांकडं बघत बसला. ती तिथं हवं तेवढं उभी राहिली.

घरी नवरा घामाघूम होऊन रांजण ढवळत होता.

"आलीस? दिलंस ना एकदाचं? आता घाल बाई हात रंगात, माझा खांदा गेला."

निळी खाटेवर बसली, हात उन्हात धरला आणि शाईची रेघ निरखून बघितली.

"ही जायला महिना लागतो," ती म्हणाली. "तोवर तुम्हीच ढवळा."