ओरखड्यांची सीडी

नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेलेली जानूची होडी परतलीच नाही. नवापूरच्या हिराकडे नवऱ्याचा आवाज उरला होता तो फक्त लग्नाच्या सीडीत. आणि ती सीडी सासूने कावळे हाकलायला बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीवर टांगलेली. वाऱ्याने बांबूवर घासून तिच्यावर ओरखडेच ओरखडे पडले होते.

"मला काय ठाव गो, त्यात माझा जानू हाय म्हणून? चकाकली, टांगली," गोदूबाई वाटभर म्हणत राहिली.

हिराच्या भावाच्या कॉम्प्युटरसाठी सीडी ड्राइव्ह घ्यायला दोघी बोईसरच्या दुकानात आल्या होत्या. दोन नव्या, वेगवान ड्राइव्हनी सीडी वाचलीच नाही. मग दुकानदाराने एक जुनी ड्राइव्ह काढली.

"ही हळू फिरते, मावशी. ओरखडे असले तरी वाचते."

पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला जानू आला. मंडपातल्या बायका ओरडल्या, "नाव घे रे बायकोचं!" तो लाजून हसला, त्याने तोंड उघडलं आणि चित्र तिथंच थांबलं. दुकानदाराने पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

"याच्या पुढं कुठलीच वाचणार नाही," तो हळूच म्हणाला. "उगाच घेऊ नका."

गोदूबाईने पडद्यावरच्या ओठांना बोट लावलं. "बोल रे पोरा. बोल ना."

हिराने सासूचा हात धरून खाली घेतला.

"हीच द्या, दादा. इथवर तरी आणते त्याला."