बिनकिडीचा दात

"जगात माणसं दोनच प्रकारची," शहाडला आपल्या इमारतीखाली खुर्ची टाकून बसलेले गणूशेठ म्हणाले. "एक, ज्यांचे दात किडतात. दुसरे आम्ही. सात पिढ्यांत कीड नाय." एवढं बोलून त्यांनी पेरूचा लचका तोडला. पांढऱ्या पेरूवर लाल रेघ उमटली.

"आतून लाल निघाला," शेठ म्हणाले.

"सकाळची भाकरी पन आतून लालच होती का?" त्यांच्या बायकोने, आवडाबाईंनी विचारलं.

शेठच्या हिरड्यांतून चार वर्षं रक्त येत होतं. अंगातली उष्णता बाहेर पडते, हा त्यांचा स्वतःचा शोध. ब्रश केला की जास्त पडते, म्हणून त्यांनी ब्रशच सोडला. पुढे दात लांब दिसू लागले. हिरड्या मागे सरकतायत हे लहान पोरालाही कळलं असतं. शेठना मात्र साठीत आपले दात वाढतायत याचा आनंद झाला. मग फटी पडल्या, त्यांत मटणाचे धागे अडकू लागले, तर शेठनी सोन्याचं दातकोरणं करून घेतलं. ते बोलू लागले की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरके. तो वास होता. शेठ त्याला दरारा समजत.

पण सोमवारी खालचा पुढचा दात जिभेने हलला. लेकीच्या, भावनाच्या, लग्नाला राहिलेले वीस दिवस. बाकीचेही असेच हलले तर पोरीच्या हळदीला बाप मटणाऐवजी पेज पिणार!

दातांचा दवाखाना त्यांच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर वैशाली त्यांच्या भाडेकरू. भाडेकरूने मालकापुढे तोंड उघडायचं नाही, हा शेठचा जुना नियम. आता मालकालाच भाडेकरूपुढे उघडायची पाळी आली.

"साफसफाई नको हां, डॉक्टरीनबाई," खुर्चीत आडवे होता होता शेठ म्हणाले. सोबत आलेल्या आवडाबाई शेजारीच उभ्या होत्या. "साफ केले की दात हलतात. प्लास्टर खरवडलं की भिंत येते खाली. मी सोळा बिल्डिंगा बांधल्यात."

"हे प्लास्टर नाही, शेठ. दगड झालेली घाण आहे. तिच्याआडून पाया जातोय. आ करा."

एक्सरे काढून झाल्यावर खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून डॉक्टर आकडे सांगू लागल्या. नर्स उर्वी लिहू लागली. "तीन. पाच. सहा."

शेठचे डोळे चमकले. आजवर त्यांच्या जमिनीची जेव्हा जेव्हा मोजणी झालेली, तेव्हा आकडा मोठा निघणं हीच चांगली बातमी असायची.

"सात."

"सात!" शेठ सळईसकट बोलले. "ऐकलंस, आवडे? नीट मोजा बाई, आठ पन निघेल."

"निघाला. दाढेला आठ." डॉक्टरांनी सळई बाहेर काढली. "मिलिमीटर. हिरडी दातापासून इतकी खोल सुटलीय. तीनपर्यंत ठीक. पाच-सहा झालं, वर रक्त येतंय, एक्सरेत हाड झिजलेलं दिसतंय, म्हणजे वरवरच्या सफाईने भागत नाही. बधीर करून हिरडीखाली, मुळापर्यंत खरवडावं लागतं. पहिल्यांदा रक्त आलं तेव्हाच एक जिना चढला असतात, तर साध्या सफाईवर सुटला असतात."

"जिना चढायला दरारा आडवा येतो यांचा," आवडाबाई म्हणाल्या.

"सगळे जातील?" शेठचा आवाज एक मजला खाली आला.

"पुढचा गेलाच, त्याच्याखाली हाड उरलेलं नाही. बाकीचे, आज सुरुवात केली तर, बहुतेक राहतील. चार खेपा. आणि ब्रश रोज, रक्त आलं तरी."

"हळदीचं मटन?"

"चावाल. हळूहळू."

"करा सुरू," आवडाबाई म्हणाल्या. "यांना इचारू नका."

चिखलातली खुंटी उपटावी तसा दात निघाला. डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये ठेवला: लांब, पिवळा, मुळापर्यंत थर चढलेला. शेठ कापूस चावून गप्प पडले. सात पिढ्यांत एवढी शांतता त्या घराण्याने पाळली नसेल. मग त्यांनी एक बोट वर केलं.

"डॉक्टरीनबाई," ते कापसातून म्हणाले, "तेवढा तो दात पुडीत बांधून द्या ना. कीड नाय बघा त्याला. खाली लोकांना दाखवायचा हाय."