माझ्या तोंडातली अक्षता

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे, आणि हे ऐकून तुमच्यापैकी निम्मे जण वर पंख्याकडे बघतील याची मला कल्पना आहे. पंख्याच्या बटणाशी माझं काही नातं नाही. मी समुद्राखाली जाणाऱ्यांचा रेग्युलेटर. त्यांच्या पाठीवर हवेचं सिलिंडर असतं, तिथून एक काळी नळी खांद्यावरून पुढे येते आणि तिच्या टोकाला मी असतो. मला दातांत धरायचं, ओठ मिटायचे आणि माझ्यातूनच श्वास घ्यायचा नि सोडायचा. आयुष्यभर कुणाच्या तरी तोंडात राहूनही मला स्वतःला बोलता येत नाही, हे माझं मोठं दुःख आहे. आज ते सांगून मोकळा होतो.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवून, हवा भरून, पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. मग मी सिंगापूरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात येऊन बसलो. तिथून मला उचललं विभाने. ती सांगलीची, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली, आणि सिंगापूरच्याच आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नुकतीच नोकरीला लागलेली. दुकानाच्या भिंतीवर कॅरिबियन समुद्राचं एक चित्र होतं. इतकं निळं पाणी मी तरी कधी पाहिलं नव्हतं. विभा चित्राकडे बघून माझ्यावरून बोट फिरवत म्हणाली, "तुला घेऊन तिथे जायचंच एकदा."

ते 'एकदा' यायला फार वर्षं लागली. तोवर आमचा समुद्र म्हणजे सिंगापूरजवळच्या पुलाउ हांतू बेटाचा. तिथलं पाणी हिरवं, गढूळ. हात लांब केला तर स्वतःची बोटं नीट दिसत नाहीत. पण विभाला तेही आवडायचं. माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी श्वासावरून ओळखतो. विभाचा श्वास लांब आणि सावकाश, घाईचं नावच नाही. घरी आलं की ती मला बादलीभर गोड्या पाण्यात आंघोळ घालायची आणि स्वयंपाकघरामागच्या बांबूवर श्रीनिवासच्या शर्टांशेजारी वाळत टाकायची. श्रीनिवास म्हणजे तिचा नवरा. तो पाण्याला इतका भितो की शॉवरखालीसुद्धा डोळे मिटून उभा राहत असावा.

त्यांची मुलगी स्वानंदी चौदा वर्षांची झाली आणि तिनेही पाण्याखाली जायचं शिक्षण पुरं केलं. त्याच वर्षी विभाने ठरवलं, नोव्हेंबरअखेर शाळेला सुट्टी लागली की कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर जायचं. मला दुकानात पाठवून तिने माझी पूर्ण तपासणी करून घेतली. मी घासूनपुसून, नवी रबरं लेवून परत आलो आणि दोनच आठवड्यांत खंडेनवमी आली.

विभाच्या माहेरी त्या दिवशी कामाच्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. सिंगापुरात बिशानच्या फ्लॅटमध्येही तिने ती पद्धत सोडलेली नाही. हॉलमध्ये पाट मांडला. त्यावर तिचा लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा संच, स्वयंपाकघरातली सुरी, श्रीनिवासची बॅडमिंटनची रॅकेट आणि यंदा पहिल्यांदाच मी.

"यालाही?" श्रीनिवासने विचारलं.

"का नको? यंदा हा स्वानंदीला श्वास देणार आहे," विभा म्हणाली. "मी भाड्याचा वापरीन. माझा मी तिला देतेय."

काय सांगू तुम्हाला, माझी नळी ताठ झाली! मला हळदकुंकू लागलं, टेक्का मार्केटातून आणलेलं झेंडूचं फूल मिळालं. विभाने डोळे मिटले, पुटपुटत काहीतरी मागणं मागितलं आणि माझ्यावर अक्षता टाकल्या. मी आपला पाटावर उताणा, आ वासून पडलेला. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा माझ्या तोंडातून आत गेला. जराशी गुदगुली झाली, बस. दुसऱ्या दिवशी विभाने मला ओल्या फडक्याने पुसून पिशवीत ठेवलं. समुद्रात गेलोच नव्हतो, तर आंघोळ कशाला घालेल?

मग विमानं बदलत बदलत आम्ही बोनेरला पोचलो. तिथे समुद्रात उतरायला बोटसुद्धा लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने नावं लिहिलेले दगड असतात. तिथे गाडी लावायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचं आणि सरळ चालत पाण्यात शिरायचं. पहिला दिवस मंडळींनी बेट धुंडाळण्यात घालवला. मी मागच्या सीटवर पिशवीत होतो, पण चेन उघडी होती. मिठाचे पांढरेशुभ्र ढीग पाहिले, गुलाबी पाण्यात उभे असलेले फ्लेमिंगो पाहिले. एका ठिकाणी गाढवाने गाडीच्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि श्रीनिवासच्या हातातली दिवाळीची उरलेली चकली हुंगली. श्रीनिवासने चकली सोडून दिली. स्वानंदी इतकी हसली की तिला उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्यात उतरलो. काठावर टॉवेल आणि चहाचा थर्मास सांभाळत श्रीनिवास बसला. स्वानंदीचा श्वास आधी तोकडा होता, पण हळूहळू लांबत गेला, अगदी आईसारखा. पाणी चित्रातल्यासारखंच होतं. पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेले मासे पोवळी खात होते आणि त्याचा कुडकुड आवाज मला ऐकू येत होता. विभा पुढे होती. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

एका खडकाच्या कपारीत काहीतरी हललं. ते बघायला स्वानंदी डोकं खाली करून वाकली. इतके दिवस कोपऱ्यात निमूट पडलेला तो दाणा घरंगळला.

माझ्या हनुवटीपाशी पातळ रबराची एक पापडी असते. श्वास सोडला की ती उघडते, बुडबुडे बाहेर जातात आणि ती लगेच मिटते, म्हणून पाणी आत येत नाही. दाणा नेमका तिच्या कडेला जाऊन बसला. पापडी मिटेना. पुढचा श्वास घेतला तेव्हा हवेबरोबर खारं पाणीही स्वानंदीच्या घशात गेलं.

तिला खोकला आला. तरी तिने मला सोडलं नाही. शिकवलं होतं तसं माझ्या तोंडावरचं बटण दाबून पाणी बाहेर ढकललं, पुन्हा श्वास घेतला. पुन्हा पाणी. पुन्हा बटण, पुन्हा पाणी. शेवटी तिने मला तोंडातून काढलं आणि पाय झाडायला लागली. नेमकं त्याच वेळी विभाने वळून पाहिलं.

विभाने क्षणही दवडला नाही, हे मला सांगायलाच हवं. सोबत्यासाठी प्रत्येकाकडे एक जादा पिवळा रेग्युलेटर असतो. तिने तिच्याकडचा पिवळा स्वानंदीच्या तोंडात दिला, तिला घट्ट धरलं आणि डोळ्याला डोळा भिडवून सावकाश वर आणलं. मी बाजूला लोंबकळत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

काठावर आल्यावर विभाने मला तोंडात धरून श्वास घेऊन पाहिला. आता मित्रांनो, हवेत पाणी कुठून येणार? मी व्यवस्थित चाललो.

"याला तर काही झालेलं नाही," ती म्हणाली. स्वानंदीचा दंड तिने अजून सोडला नव्हता. "तू घाबरलीस, स्वानंदी. दातांत नीट धरला नसशील. असं घाबरून चालत नाही गं पाण्यात! जीव गेला असता तुझा."

"मी नीट धरला होता, आई. वॉटर केम इन. आय स्वेअर."

"मी आत्ता बघितलं ना?"

"आधी चहा घ्या दोघी," श्रीनिवास म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

स्वानंदीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ओके लाह. माय फॉल्ट," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, विभा, मला उघड! एकदा आत बघ! पण माझ्या घशात तो दाणा, आणि वाचा तर जन्मतःच नाही. उरलेल्या सुट्टीत त्या दोघींपैकी कुणीच पाण्यात गेलं नाही. इतक्या वर्षांचं ते 'एकदा' एका सकाळीच आटोपलं.

सिंगापूरच्या नव्या फ्लॅटांत जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते. तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात. आमच्याकडे त्या खोलीत सुटकेसा, गणपतीचं मखर आणि जुना पंखा आहे. मीही तिथेच गेलो. घाईत माझी आंघोळही राहिली. अंगावर मीठ धरलं, रबर चिकट झालं. पण त्याचं मला इतकं वाटलं नाही. वाईट वाटायचं ते दाराआडून ऐकू येणाऱ्या गोष्टींचं. शाळेच्या कॅम्पला कायाकिंग होतं, तर स्वानंदी गेली नाही. मैत्रिणींनी समुद्रावर बोलावलं, तर फोनवर म्हणाली, "यू ऑल गो. आय पॅनिक वन." म्हणजे, तुम्ही जा, मी घाबरणारी. आधी हे ती खालच्या आवाजात म्हणायची. पुढेपुढे हसत म्हणायला लागली, जणू तिचं नावच ते. आईने एकदा म्हटलं आणि मुलीने ते कायमचं अंगाला लावून घेतलं. खरं काय ते घरात फक्त मला माहीत होतं.

वर्ष उलटलं. पुन्हा दसरा जवळ आला तेव्हा विभाने मला बाहेर काढलं, पण पूजेसाठी नाही. मला विकायचं ठरलं होतं. घेणाऱ्याला वस्तू स्वच्छ द्यावी म्हणून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, तिच्याच स्क्रूड्रायव्हरने, ती मला उघडायला बसली. तोंडावरचं झाकण फिरवलं. आतला रबराचा पडदा अलगद उचलला. आणि थांबली.

दाणा वाळून पापडीच्या कडेला चिकटला होता. कुंकवाचा रंग फिका झालेला, पण ओळखू येण्याइतका उरलेला. विभाने तो नखाने सोडवला, तळहातावर घेतला. तिचा श्वास मी वीस वर्षं ऐकलाय. तो असा अडकलेला मी कधी ऐकला नव्हता.

सिंक चार पावलांवर होतं. नळ सोडला असता तर दाणा वाहून गेला असता, मी विकला गेलो असतो आणि स्वानंदी जन्मभर 'आय पॅनिक वन' म्हणत राहिली असती. विभा उठली. सिंकपाशी गेली, उभी राहिली. मित्रांनो, त्या घटकेला मी देवाला हाक मारली. मग ती वळली आणि मला एका हातात, दाणा दुसऱ्या हातात घेऊन स्वानंदीच्या खोलीत गेली.

"हे याच्या आत होतं," तिने दाणा टेबलावर ठेवला.

"राइस?"

"अक्षता. खंडेनवमीला मी टाकलेली. त्या दिवशी पाणी यातूनच आत आलं. तू म्हणालीस तसंच झालं होतं."

स्वानंदीने दाणा बोटाच्या टोकावर उचलून घेतला. मला वाटलं, हसेल. पण ती हसली नाही. "यू सेड आय पॅनिक्ड," ती म्हणाली. "मी दोनदा बटण दाबून पर्ज केलं होतं, आई. शिकवलं तसं. तू विचारलंच नाहीस."

"नाही विचारलं." विभा पलंगावर बसली. "ऑफिसात मशीन उघडून बघितल्याशिवाय मी कुणाला ऑपरेटरची चूक म्हणू देत नाही. आणि घरी... मी फार घाबरले होते गं. घाबरले मी, आणि नाव तुझं घेतलं. चुकलं माझं."

मग दोघी रडल्या. श्रीनिवास दारात येऊन उभा राहिला आणि या खेपेला त्याला चहाचं सुचलं नाही. थोड्या वेळाने स्वानंदीने डोळे पुसले, मला उचललं आणि बाथरूममध्ये बादली भरली. वर्षभराने मला आंघोळ मिळाली, आणि तीही तिच्या हातची. मला विकायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

त्या खंडेनवमीला मी पुन्हा पाटावर होतो, पण पालथा. "आई, नॉट ऑन टॉप, हां. बाजूला टाक," स्वानंदीने बजावलं आणि विभाने अक्षता माझ्यापासून हातभर लांब, पाटाच्या कोपऱ्यावर टाकल्या. पालथं पडून मान घ्यायला जरा अवघडतं, पण तक्रार नाही.

दुकानातून पुन्हा तपासून आलो आणि आम्ही हांतूला गेलो. तेच हिरवं, गढूळ पाणी. स्वानंदीचा श्वास तोकडा, धडधडता होता. मी जिवाच्या आकांताने पापडी मिटत होतो. थोडं खाली गेलो नि तिने हाताचा पंजा पसरून हलवला. पाण्याखाली त्याचा अर्थ, काहीतरी गडबड आहे. विभा तत्काळ तिच्यासमोर आली. तिने आधी मला हातात धरलं, माझी हनुवटी तपासली, बुडबुडे पाहिले. मग स्वानंदीने डोळ्यांवरच्या मास्ककडे बोट दाखवलं. कडेत एक केस अडकला होता आणि थेंब थेंब पाणी आत येत होतं. इतकंच. विभाने तो केस बोटाने अलगद सारला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची पूजा केलीत तर आम्हाला आनंदच आहे. पण त्याआधी आम्हाला धुवा, पुसा, आणि काही बिघडलं तर उघडून आत बघा, कारण आम्हाला बोलता येत नाही. तुमच्या घरातल्या मुलांना मात्र बोलता येतं. ती म्हणाली, पाणी आत आलं, तर आलं असेल.

केस निघाल्यावर स्वानंदीने तर्जनी नि अंगठ्याचा गोल करून 'ठीक आहे' अशी खूण केली. विभानेही तसाच गोल केला. मग माझ्यातून एक श्वास गेला, लांब आणि सावकाश, आणि क्षणभर मला कळेना की मी आईच्या तोंडात आहे की मुलीच्या.