दासूभाऊच्या आत्म्याचं पाठांतर

“इलो रे, इलो!” कुणीतरी ओरडलं आणि दत्तप्रसादच्या घरापुढच्या खळ्यात जमलेल्या दोन-तीनशे माणसांनी एकदम हात जोडले.

गुरुवार, दुपारचे चार. झावळ्यांच्या मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत दत्तप्रसाद घुमत होता. डोक्यावरून कान झाकून घट्ट गुंडाळलेली भगवी शाल, बुबुळं वर गेलेली, खांदे थडथड उडतायत. शेजारच्या स्टुलावर हार घातलेला फोटो. दशावतारी नाटकांतला राजा, गुरुदास आंगचेकर. अख्ख्या सिंधुदुर्गाचा दासूभाऊ.

दासूभाऊ गेला त्याला सव्वा महिना झाला होता. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच खेळ संपला. त्या दिवशी कसालचा बाजार आपणहून बंद राहिला, सावंतवाडीची माणसं हातातलं काम टाकून धावली, वैभववाडीहून टेम्पो भरून लोक आले. दहावं-बारावं आटपतंय तोच बातमी फुटली की दासूभाऊ परत आलाय. दर गुरुवारी चारच्या ठोक्याला त्याच्याच नाटक कंपनीतल्या दत्तप्रसादच्या अंगात येतो. आता, जिवंतपणी हा माणूस एकदाही वेळेवर आला नव्हता. कंपनीवाले त्याला घरून उचलून आणायचे. पण भक्तीच्या भरात एवढी साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरली नाही.

ती शिरायला हवी होती हरीमास्तरांच्या टाळक्यात. हरिश्चंद्र सामंत, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. नारळातून आग काढणाऱ्या बुवाच्या नारळातला सोडियम त्यांनी भर वर्गात दाखवला होता. ‘कार्यकारणभाव’ हा शब्द तीस वर्षांत इतक्यांदा उच्चारला, की पोरं पाठीमागे त्यांना कार्यकारणमास्तर म्हणायची. आणि हेच मास्तर पहिल्या गुरुवारी, पहिल्या रांगेत, रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो असा.

त्यांचाही इलाज नव्हता. मास्तर दासूभाऊचे नुसते चाहते नव्हते, वेडे होते. चौदा वर्षं त्यांनी जवळपासची एक जत्रा चुकवली नाही. मोबाइल उंच धरून खेळ टिपायचे आणि दुसऱ्या दिवशी चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायचे. मागच्या रांगेतल्या लोकांना दासूभाऊऐवजी मास्तरांची बगल दिसायची, पण मास्तरांना सांगणार कोण?

“बा देवा म्हाराजा, वाट मोकळी कर म्हाराजा!” दत्तप्रसादने गाऱ्हाण्याचा सूर लावला.

“व्हय म्हाराजा!” खळं गर्जलं.

“सातव्या सर्गातसून येवचा आसा म्हाराजा, दमछाक होता म्हाराजा, फॅन वायच हयसर फिरवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” फॅन फिरवला गेला.

मग आवाज पालटला. तोच घोगरा, छातीतून येणारा, शब्दाच्या शेवटी हलकेच थरथरणारा आवाज. दासूभाऊचा! “सिंहासन? अरे मूढा, सिंहासन लाकडाचं असतं! सुतार करतो, वाळवी खाते. राज्य म्हणजे...” इथे ओठ नुसते हलले. चार-पाच क्षण शब्दच फुटेना. मग पुन्हा, “...आणि हे ज्याला उमगलं, तोच खरा राजा!”

“कंठ दाटलो गो बिचाऱ्याचो,” बाया हळहळल्या.

मास्तरांनी डोळे टिपत शेजारच्याला समजावलं, “लहरी असतात त्या. लांबून येणार म्हटल्यावर रेडिओलासुद्धा मध्येच खरखर होते.” हे वाक्य नववीतल्या कुणी उच्चारलं असतं, तर मास्तरांनी त्याला तासभर बाकावर उभं केलं असतं.

शेवटी आत्मा मालवणीत उतरला. आत्म्याला मागायचं असलं की तो घरच्या भाषेत मागतो. “माझो मुकुट दत्तूक दिया! माझो राजपार्ट दत्तू करतलो! चेडवान मुकुटाक हात लावल्यान, तर गावाचां बरां होवचां नाय!”

चेडू म्हणजे दासूभाऊची मुलगी संचिता. बापाने तिला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि जाण्यापूर्वी दोन महिने आपल्या हाताने घडवलेला मुकुट तिच्या डोक्यावर ठेवून, “तुळशीच्या लग्नानंतरच्या पयल्या जत्रेत राजा तू,” असं कंपनीसमोर सांगितलं होतं. बाईमाणूस राजा होणार, हे पुष्कळांच्या घशाखाली उतरत नव्हतं. दासूभाऊपुढे बोलायची छाती नव्हती, ती आता आत्म्याच्या आडून आली. नळावर बायका संचिताच्या आईकडे, सत्यवतीकडे, पाठ फिरवू लागल्या. नवऱ्याच्या शब्दाला किंमत देत नाही, आत्म्याला तळमळत ठेवते! तिसऱ्या गुरुवारी गावाने ठरवलं, शिकलेला माणूस पाठवून तिला समज द्यावी. शिकलेला माणूस म्हणजे अर्थातच हरीमास्तर.

मास्तर गेले. सत्यवती पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत बसली होती. मास्तरांनी घसा खाकरला.

“वयनी, मीसुद्धा आधी मानत नव्हतो. पण आवाज ऐका, तुमचीच खात्री पटेल. तिन्ही गुरुवारचं टिपलंय मी.” आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

सत्यवतीने पहिला गुरुवार ऐकला. आवाज ऐकून तिचा हात सुपातच थांबला, डोळे भरले. दुसरा ऐकला. तिसरा ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली.

“मास्तरानू, हे तिन्ही येकच मां?”

“एकच म्हणजे?”

“शब्दाक शब्द. मी छत्तीस वर्सां संसार केलंय. ह्या माणसान येक गजाल दुसऱ्यांदा तशीच सांगूक नाय. आमच्या लग्नाची गजालसुद्धा दर खेपेक नवी. येकदा वरातीत बैल उधाळलो, येकदा भटजी पडलो, येकदा तर मीच पळान गेलंय! जल्मात पाठांतर करूक नाय तो मेल्यार पाठांतर करूक लागलो?”

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट रंगमंचावर उभा राहून सुचेल ते बोलतो. कालचं भाषण आज करणाऱ्या नटाला दासूभाऊ ‘टेपरेकॉर्डर’ म्हणून हिणवायचा. हे सगळं गावाला माहीत होतं, आणि गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त मास्तरांना.

आतून संचिता आली. “काका, ह्यां भाषाण माका म्हायती आसा. गेल्या वर्साच्या जत्रेतला. तुमीच टाकलेलास ग्रुपार.” तिने आपल्या फोनवर लावलं. दासूभाऊ म्हणत होता, “...वाळवी खाते. राज्य म्हणजे...” आणि त्याच्यावर दुसरा एक आवाज कोसळला, “वाऽऽ! वाऽऽ! जियो दासूभाऊ, जियो!” तो ओसरला तेव्हा दासूभाऊ वाक्याच्या शेवटाला पोचला होता, “...आणि हे ज्याला उमगलं, तोच खरा राजा!”

“ह्यो बोंबलता तो कोण?” सत्यवतीने विचारलं.

मास्तरांचे कान लाल झाले. “मी,” ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी खळं नेहमीपेक्षा फुगलं होतं. मुकुट येणार अशी आवई होती. सत्यवती आणि संचिता येऊन मागे उभ्या राहिल्या, हात रिकामे. अंगात येऊन झालं, फॅन फिरवून झाला, तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी माइक घेतला.

“दासूभाऊ, एक विनंती. तीन गुरुवार तेच ऐकलं. आज चाहत्यांसाठी नवीन होऊ दे. विषय देतो, चिखल. जिवंतपणी तू चिखलावर अर्धा तास बोलला असतास.”

टाळ्या पडल्या. आत्मा घुमला, थबकला, पुन्हा घुमला. “चिखल... चिखल म्हणजे...” कपाळावर घाम. आणि मग, “सिंहासन? अरे मूढा, सिंहासन लाकडाचं असतं!”

मांडवात खसखस पिकली. मास्तरांनी खिशातला फोन काढला, गेल्या वर्षीच्या जत्रेतलं भाषण सुरू केलं आणि तो माइकला लावला. खुर्चीतला दासूभाऊ आणि फोनमधला दासूभाऊ, पाढे म्हणावेत तसे एका सुरात बोलू लागले. सुतार करतो, वाळवी खाते, राज्य म्हणजे... खुर्चीतला गप्प झाला आणि नेमक्या त्या जागी फोनमधून आरोळी उठली, “वाऽऽ! वाऽऽ! जियो दासूभाऊ, जियो!”

“मास्तरानू, ह्यो तर तुमचो आवाज!” कुणीतरी ओरडलं.

“माझाच. आत्म्याचा कंठबिंठ काही दाटला नव्हता, मंडळी. मी बोंबलत होतो. माझ्या बोंबलण्याखाली जे शब्द गेले, ते दत्तूला ऐकू आले नाहीत. जे ऐकू आलं नाही, ते आत्म्यालाही येईना. आणि त्याला लहरी, रेडिओ, खरखर असली नावं देणारा गाढवही मीच.”

संचिता पुढे झाली. “दत्तूकाका, शाल काडा.”

दत्तप्रसादने एकदा सगळ्यांकडे बघितलं. शाल उतरवली. कानातल्या इअरफोनचं काळं बोंडूक निसटून मांडीवर पडलं, आणि त्यातून दासूभाऊ बारीक आवाजात अजून बोलतच होता. नकला उतरवण्यात दत्तू मुळात पटाईत. कानात सुरू असलेलं तोंडाने म्हणायचं, एवढाच काय तो चमत्कार.

“मास्तरानू,” तो रडवेला होऊन म्हणाला, “तुमी वायच हळू बोंबाटला असतात, तर माझां वाक्य पुरां झालां असतां!”

लोक हसले, शिव्याही दिल्या. दत्तू मान खाली घालून म्हणाला, “वीस वर्सां सेनापती करतंय. ‘जशी आज्ञा महाराज’ याच्यापुढे माका वाक्य नाय. तेच्या मरणान तरी जागा मिळात, असां वाटलां.” ते ऐकून शिव्या जरा मंदावल्या. लबाडी ती लबाडीच, पण वीस वर्षं काही थोडी नव्हेत.

संचिताने मात्र भलताच प्रश्न केला. “काका, त्या जत्रेत तुमी बाबांच्या बाजूकच होतास. राज्य म्हणजे काय, म्हणाले ते?”

दत्तू आठवू लागला. “माझ्या ‘जशी आज्ञा’ची वाट बघी होतंय गो. आयकूक नाय.”

मास्तरांनी गर्दीला विचारलं, त्या जत्रेला कोण कोण होतं? शंभरेक हात वर आले. कुणी ऐकलं? सगळे हात खाली. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी जत्रेतल्या गोड खाज्याची पुडी सोडत होतं, आणि उरलेल्यांच्या कानात मास्तरांची आरोळी होती. ते शब्द गेले. दुसऱ्यांदा ते बोलणारा माणूसही गेला होता.

मास्तरांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. “मंडळी, मेलेला माणूस बोलत नाही. दासूभाऊसुद्धा नाही. कुणी त्याला अंगात आणून दाखवला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, नवीन काय बोलला? आपल्याला ठाऊक नव्हतं असं काय सांगितलं? हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा विचारलं नाही. मला तो मेलेला नको होता. फसवणाऱ्याला तेवढंच पुरतं, आपण बुद्धू असायची गरज नाही. आपण दुःखात असलो की झालं. तेव्हा दुःख झालं तर रडा, पण प्रश्न विचारायचं सोडू नका. आणि माणूस जिवंत आहे, तोवर गप्प बसून त्याचं ऐका.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सत्यवती पुढे आली आणि स्टुलावरचा फोटो तिने उचलून पोटाशी धरला.

“झालां मां तुमचां?” ती म्हणाली. “चार गुरुवार ह्यांका मेलेलो म्हणान रडाक दिलास नाय माका. रडलंय तर म्हणास, बाय, तो हयच आसा, खेका रडतंस? नाय तो हय. गेलो. आता माका रडाक दिया.”

आणि तिथेच मातीत बसून तिने हंबरडा फोडला. संचिता तिला बिलगली. मग एकेक करून बायका जाऊन शेजारी बसल्या, आणि अख्खं खळं दासूभाऊसाठी रडलं.