खालच्या वाडीची रेघ

पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून गोमाजीने त्यात चुना भरला, आणि पडक्या जोत्याच्या कडेने वाकून तो रेघ ओढू लागला. रेघ सरळ येईना. डोळे सारखे वर जात होते, डोंगराच्या त्या सोललेल्या तांबड्या अंगाकडे. पाच पावसाळ्यांपूर्वी तिथूनच दरड सुटली होती.

"तात्या, रेघ नागमोडी झाली," चंदू शेजारच्या जोत्यावरून ओरडला. "ड्रोनला वाटंल तुमचं घर वळवळतंय!"

कुणी हसलं नाही. चंदूही नाही.

दरडीतून वाचलेली बारा घरं तेव्हाच वरच्या माळावर गेली होती. पत्रे ठोकले, विठोबाचं देऊळ उभं केलं, दरसाल सप्ताह बसू लागला. माळ मात्र कागदावर वनखात्याचा. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. मग दिल्लीत नवं सरकार आलं, आणि बिरवाडीच्या कारखान्यात असलेल्या गोमाजीच्या लेकाचा फोन आला.

"बाबा, शंभर दिवसांत सगळ्या घरांना मालकीचं कार्ड देणार हायत. वरून ड्रोन फिरवणार. जुन्या नोंदीच्या जागी घर दिसलं तर कार्ड, नायतर अतिक्रमण म्हणतात."

कोण म्हणतात, हे विचारायला महाडच्या कचेरीत जावं, तर माळावरची घरं आपल्याच तोंडाने उघडी पडायची. शेवटी चंदूने तोड काढली. मोजणीच्या सकाळी सगळ्यांनी खाली जुन्या वाडीत उतरायचं. जोत्यांभोवती चुन्याने हद्द आखायची, वर ताडपत्र्या ताणायच्या, चुली पेटवायच्या, लुगडी वाळत घालायची, शेरडं बांधायची. "दिल्लीला धूर दिसला म्हंजे झालं!"

गोमाजीची बायको तुळसा आज पाच वर्षांनी या जागी आली होती. पूर्वी जिथे माजघर होतं, तिथे मातीवर बसून राहिली.

"तुळसा, चूल तरी पेटव गो," गोमाजी हळूच म्हणाला.

शेवटी गोमाजीनेच काटक्या लावल्या. सप्ताहातलं बुवांचं कीर्तन त्याला सकाळपासून छळत होतं. बुवा म्हणाले होते, "देवासमोर खोट्याचा टाळ वाजंल रे बाबांनो, पण गळा साथ द्यायचा नाय." तीस वर्षं कीर्तनात टाळ धरलेला माणूस तो.

दहाच्या सुमारास मोजणीचे साहेब दोन माणसं घेऊन आले. तरुण होते, दमलेले होते. कागद लावलेली पाटी मांडीवर घेऊन दगडावर टेकले.

"काल चार वाड्या केल्या, आज पाच. रोज संध्याकाळी आकडा वर कळवावा लागतो. लवकर सांगा बाबा, या घरात किती माणसं राहतात?"

"दोन," गोमाजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

साहेबांनी लिहिलं. मागच्या माणसाने ड्रोन जमिनीवर ठेवून सुरू केला. भर्रर्र करत तो उठला तशी शेरडं बिथरली. एकाने दावं तोडलं, ते थेट चढाला लागलं, आणि त्याच्या खुरांखालून एक धोंडा सुटला. टण्, टण्, टण् करत खाली आला.

बस्स, तेवढंच.

पुढचं गोमाजीला कळलंच नाही. पाय आपोआप धावत होते. चंदू, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळी वाडी माळाच्या पायवाटेला लागली होती. चुली जळत राहिल्या. वळणावरच्या जांभळीशी येऊन तो धापा टाकत थांबला, तेव्हा कुठे त्याचं लक्ष शेजारी गेलं. तुळसा नव्हती.

तो धोंडा केव्हाच चुन्याच्या रेघेवर येऊन निपचित पडला होता. रेघांनी आखलेल्या त्या रिकाम्या गावात फक्त तुळसा बसली होती, आणि तिच्यासमोर साहेब उभे होते. वर ड्रोन घोंघावत होता.

"राम कृष्ण हरी," म्हणत गोमाजी उतरला. एकेक पाऊल टाकताना नजर डोंगरावर.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वाटेवर गोठलेल्या माणसांकडे.

"आजी, तुम्ही नाही पळालात?"

"कुठं पळू?" तुळसाने मातीवरून हात फिरवला, निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ह्यांनी चुकीचं सांगितलं साहेब. दोन नाय, चार लिवा. सून आन् नात हितंच हायत. त्यान्ला वर यायला नाय गावलं."

साहेबांचं पेन थांबलं. डोंगराकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहता पाहता त्यांचा एक पाय रेघेच्या बाहेर गेला.

मग त्यांनी विचारलं, अगदी हळू. "आणि तुम्ही दोघं? तुम्ही कुठे राहता, बाबा?"

गोमाजीने मान वर केली. वर माळावर देवळाची भगवी पताका वाऱ्याने फडफडत होती, शेजारी बारा पत्रे उन्हात चमकत होते. चंदू वाटेवरून दोन्ही हातांनी नको, नको करत होता.

चुन्याने पांढरा झालेला हात गोमाजीने सावकाश माळाकडे उचलला.